एका बैठकीत ऑईल पोर्ट्रेट: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

हे लिहितोय ते अशांसाठी, ज्यांनी शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलीय, फोटोवरनं पेन्सिलनं चेहरे बऱ्यापैकी जमतात, लग्नाच्या जोडप्यांची स्केचेस करून चार पैसेही मिळवलेत, पण समोर जिवंत माणूस बसवून दोन-अडीच तासात ओल्या रंगावर ओला रंग लावून चेहरा पुरा करायचा म्हटलं की हातपाय गळतात. याला चित्रकार लोक आला प्रिमा म्हणतात, आणि आर्ट कॉलेजात पोर्ट्रेट डेमो असला की जे बघायला पोरं दाटीवाटीनं उभी राहतात ते बहुतेक वेळा हेच असतं. सांगलीत घरी बसून हे शिकायचं तर काय लागतं, कुठं अडतं आणि कशाच्या नादाला लागायचं नाही, ते क्रमानं सांगतो.

एक गोष्ट मात्र आधीच डोक्यात बसवा, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. माणूस ओळखू येतो तो डोळ्या-नाकामुळं कमी आणि सावल्यांच्या आकारामुळं जास्त. हरभट रोडच्या त्या टोकाला मामा उभा असला तर त्याचे डोळे काय तुम्हाला दिसत नसतात, तरी कपाळाखालचा खड्डा, गालफडाचा उतार, मान किती पुढं आलीय एवढ्यावर तुम्ही हाक मारताच की. म्हणून पहिल्या पाऊण तासात सावल्या जागच्या जागी बसल्या तर साम्य आलेलं असतं, आणि उरलेला वेळ हे साम्य घालवायचं नाही एवढंच काम असतं. नवीन माणूस नेमकं उलटं करतो, पहिला तासभर एक डोळा रंगवतो, पापण्यांसकट, आणि मग त्या डोळ्याला जुळवून घेत बाकीचा चेहरा कुठंतरी ढकलतो.

सामान

कॅनव्हास महागाचा नको. १२ बाय १६ इंचाचा कॅनव्हास बोर्ड चालतो, नाहीतर सुताराकडनं एमडीएफ कापून आणा आणि गेसोचे (रंग धरायला आधी लावायचं पांढरं अस्तर) दोन-तीन हात मारा, मधे सँडपेपर फिरवा. यापेक्षा मोठा आकार नको, कारण खऱ्या डोक्याची उंची साधारण नऊ इंच असते आणि चित्रातलं डोकं त्याहून मोठं निघालं की ते अंगावर येतं, शिवाय तेवढं भरायला वेळही पुरत नाही. सात-साडेसात इंचात डोकं बसवा.

ब्रश हॉग हेअरचे घ्या, फ्लॅट (चपटे) किंवा फिलबर्ट (चपटे पण टोकाला गोलसर), १०, ८ आणि ६ नंबरचे दोन-दोन. दोन-दोन यासाठी की एक उजेडाच्या रंगाला आणि एक सावलीच्या रंगाला, एकच ब्रश दोन्हीकडं फिरला की दहा मिनिटात सगळं गढूळ. एक बारीक ब्रशही लागतो पण तो शेवटच्या वीस मिनिटांपर्यंत खिशात राहू दे. पॅलेट नाईफ एक, तो मिसळायलाही लागतो आणि खरवडायलाही.

रंग सहाच. टायटॅनियम व्हाईट, याची ट्यूब मोठी घ्या कारण हाच आधी संपतो, मग यलो ऑकर, वर्मिलियन किंवा कॅडमियम रेड, क्रिमसन, बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन ब्लू. यूट्यूबवर झॉर्न पॅलेटचं फार चालतं, पांढरा, ऑकर, लाल आणि काळा एवढ्यात सगळं. अँडर्स झॉर्न (१८६०–१९२०) स्वीडनचा, त्याच्यापुढं बसणारी माणसं तिकडची. कमी रंगात काम करायची शिस्त चांगलीच आहे, मुरलेल्या हाताला त्या चार रंगातनं आपल्याकडची कातडीही काढता येते, पण नवख्याला नाही, त्याच्या हातनं तासगावचा शेतकरी गुलाबी होऊन बसतो. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन जवळ असले की ती भीती कमी.

पॅलेट म्हणून फरशीवाल्याकडनं राखाडी टाईल आणा, फुकटही देतात. पांढरी टाईल नको, पांढऱ्यावर कुठलाही रंग आहे त्यापेक्षा गडद वाटतो आणि कॅनव्हासवर गेल्यावर फिका पडतो. टर्पेंटाईन थोडं, जवसाचं तेल थेंबभर, आणि चिंध्या मात्र भरपूर, जुन्या बनियनच्या सगळ्यात चांगल्या. टर्पेंटाईनचा वास बंद खोलीत डोक्यात जातो, तेव्हा खिडकी उघडी ठेवूनच काम.

आदल्या दिवशी कॅनव्हासचा पांढरेपणा मारून ठेवा. बर्न्ट सिएनात किंचित अल्ट्रामरीन, टर्पेंटाईननं पातळ करून चिंधीनं चोळायचं, मध्यम करडा-तपकिरी टोन आला की बास. घाई असेल तर याच रंगाचं ॲक्रिलिक पातळ करून फासा, तासाभरात वाळतं. ॲक्रिलिकवर ऑईल चालतं, ऑईलवर ॲक्रिलिक चालत नाही, हे लक्षात ठेवा.

खिडकी कुठली

पुस्तकात सरसकट लिहिलेलं असतं की उत्तरेची खिडकी घ्या, तिच्यातनं ऊन आत येत नाही, उजेड दिवसभर एकसारखा राहतो. ती पुस्तकं लिहिलीत युरोपात. सांगली पडते कर्कवृत्ताच्या बऱ्याच खाली, १७ अंशाच्या आसपास, त्यामुळं मेच्या पहिल्या पंधरवड्यात शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो, होऊन गेला की ऑगस्टच्या सुरवातीपर्यंत सूर्य भर दुपारी आपल्या उत्तरेकडं असतो. सकाळ-संध्याकाळ तर मार्चअखेरपासनं सप्टेंबरपर्यंत तो उत्तरेकडं झुकूनच उगवतो आणि मावळतो. म्हणजे नेमकी उन्हाळी सुट्टी लागली, आता जोरात पोर्ट्रेट करूया म्हणून बसलात की उत्तरेच्या खिडकीतनं तिरपं ऊन कॅनव्हासवर. उपाय सोपा आहे, जुनं पांढरं धोतर किंवा ट्रेसिंग पेपर खिडकीला ताणून लावा, उजेड मऊ आणि पसरट होतो. हिवाळ्यात या भानगडीची गरज नाही, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडं शिकायचा खरा सीझन, हवा कोरडी, बसणारा घामाघूम होत नाही, उजेड शांत.

उजेड एकाच बाजूनं आणि थोडा वरनं यायला हवा, चेहऱ्याचा एक भाग उजेडात आणि एक स्पष्ट सावलीत. खिडकीचा खालचा अर्धा भाग पुठ्ठ्यानं बंद केला की हे आपोआप जमतं. खोलीतली ट्यूब बंद करा, दोन बाजूंनी उजेड आला की सावलीचा आकारच राहत नाही आणि मग पकडणार काय? रात्रीच करायचं असेल तर एकच एलईडी दिवा, आणि त्याच उजेडात तुमचं पॅलेट आणि कॅनव्हासही असायला हवं, नाहीतर सकाळी उठून बघता तर आजोबा हिरवे.

कोणाला बसवायचं

पहिल्यांदा म्हातारी माणसं बघा. हाडं दिसतात, सुरकुत्यांमुळं सावल्यांच्या कडा सापडतात, आणि त्यांना वेळ असतो. लहान मुलं आणि तरुण मुली सगळ्यात अवघड, चेहऱ्यावर पकडायला काही नसतं आणि किंचित चुकलं तरी वय दहा वर्षांनी वाढतं. घरचीच माणसं बसवायला संकोच करू नका, चित्रकार वासुदेव कामतांना २००६ मध्ये अमेरिकेच्या पोर्ट्रेट सोसायटीचं ड्रेपर ग्रँड प्राईझ मिळालं ते बायकोच्या पोर्ट्रेटला. फक्त घरच्यांना अर्ध्या तासानं कुकर लावायचा असतो, ते आधी ठरवून घ्या.

बाहेरचा माणूस असेल, म्हणजे कोपऱ्यावरचा चहावाला, मार्केट यार्डातले हमाल काका, वॉचमन, तर पैसे द्या. चित्र देतो की, असं म्हणून भागवायचं नाही, त्याचा दोन तासाचा रोज बुडतोय. चित्र त्याला द्यायचं असलं तर वाळल्यावर द्या, ते वरनं.

बसवायची पद्धत अशी. आधी दहा मिनिटं नुसत्या गप्पा मारा, कारण कुणीही पहिल्यांदा फोटो काढायला बसल्यागत ताठ बसतो आणि दहा मिनिटांनी खांदे खाली येतात, मान दोन बोटं पुढं येते. तुम्ही लगेच सुरू केलं असेल तर तोवर काढलेलं सगळं हुकलं. खांदे उतरले की मग पोझ ठरवा. नजरेला खूण द्या, समोरच्या कॅलेंडरवरची एखादी तारीख. खुर्चीच्या पायांभोवती आणि चपलांभोवती खडूनं रेघ मारा, विश्रांतीनंतर माणूस परत त्याच जागी येतो. पंचवीस मिनिटं पोझ, पाच-सात मिनिटं सुट्टी, असे चार फेरे म्हणजे एक बैठक. आजोबांना म्हणावं, "आता हलायचं नाही हं," तर म्हणतात, "हलत न्हाई की, पर च्या कवा हाय?" चहा पहिल्या सुट्टीत, आधी नाही. हातात मोबाईल अजिबात नको, मान खाली जाते आणि तोंडावर निळा उजेड पडतो.

तुम्ही उभं राहूनच काम करा. इझल बसणाऱ्याच्या शेजारी, म्हणजे चेहरा आणि कॅनव्हास एकाच नजरेत दिसले पाहिजेत, आणि पाच-सहा फूट मागं जायला जागा हवी. मागं जाऊन बघायचं, ठरवायचं, पुढं येऊन एक स्ट्रोक लावायचा, परत मागं. ढोबळमानानं जेवढा वेळ ब्रश चालतो त्याच्या दुप्पट वेळ नुसतं बघण्यात गेला पाहिजे. शेजारच्या घरातली मंडळी येऊन मागं उभी राहतात आणि नाक जरा चुकलंय म्हणतात, त्यांना सुट्टीत या म्हणून सांगा. नाक चुकलेलं असतंही कधी कधी, ती गोष्ट वेगळी.

पहिला फेरा: जागा आणि सावली

पातळ बर्न्ट सिएना, ८ नंबरचा ब्रश. डोक्याचा माथा आणि हनुवटी कुठं येणार त्या दोन खुणा. मग डोकं किती कललंय ती मधली रेघ, कपाळापासनं हनुवटीपर्यंत. डोळ्यांची रेघ उंचीच्या बरोबर मध्यावर येते, सगळे ती वर काढतात कारण कपाळ आपल्याला महत्त्वाचं वाटत नाही. टोपी किंवा फेटा असेल तर माथा त्याच्या आत कुठं आहे याचा अंदाज धरून मोजा. कानाची वरची कड भुवईच्या आसपास, खालची नाकाच्या बुडाच्या आसपास, मात्र मान वर-खाली झाली की हे सगळं सरकतं, तेव्हा नियमापेक्षा समोर बघा.

मापाला ब्रशच घ्या, हात पूर्ण ताठ, एक डोळा बंद. उभ्या रेषांसाठी गवंड्याचा ओळंबा मिळाला तर उत्तम, नाहीतर दोऱ्याला चावी बांधा. दोरा डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर धरला की खाली नाकपुडीच्या कुठं लागतो, ओठाचा कोपरा आत राहतो का बाहेर, हे सेकंदात कळतं. नुसत्या नजरेनं हेच ठरवायला गेलं की पाच मिनिटं जातात आणि तरी चुकतं.

आता डोळे बारीक करा, इतके बारीक की पापण्यांमधनं फक्त दोनच गोष्टी दिसतील, उजेड आणि अंधार. भुवईखालचा खड्डा, नाकाची बाजू, गालाची सावलीकडची बाजू, खालच्या ओठाखाली, हनुवटीखाली मान, हे सगळं मिळून एकच सलग आकार दिसतो. तो एक आकार भरा, सपाट, एकाच टोननं, आत डोळा-बिळा काही नाही. भरून झालं की चार पावलं मागं जा. याच क्षणी तो माणूस दिसायला लागला पाहिजे. नसेल दिसत तर पुढं जायचं नाही, चिंधीनं पुसून टाका आणि परत मांडा, अजून गेलंय काय, वीस मिनिटं. जॉन सिंगर सार्जंटसारखा नावाजलेला पोर्ट्रेट चित्रकार पूर्ण रंगवलेलं डोकं खरवडून नव्यानं सुरू करायचा, तर आपण एवढं काय धरून बसायचं.

दुसरा फेरा: रंगाचे मोठे तुकडे

सावली आधी. बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, किंचित क्रिमसन. चेहऱ्याच्या सावलीत पांढरा घालू नका, निदान पहिले काही महिने तरी, पांढरा गेला की सावली पिठूळ होते आणि चेहऱ्यातली खोलीच जाते. सावली पातळ ठेवा, उजेड जाड. पातळ सावलीतनं खालचा टोन थोडा दिसत राहतो आणि ती आत जाते, जाड उजेड पुढं येतो.

उजेडाच्या बाजूला ऑकर, लाल, पांढरा आणि बर्न्ट सिएना, प्रमाण माणसागणिक वेगळं. उजेड आणि सावलीच्या मधल्या पट्ट्यात सिएना आणि ऑकरमध्ये अल्ट्रामरीनचा कण घातला की एक हिरवट-करडा रंग येतो, आपल्या कातडीचा गहूपणा सगळा याच पट्ट्यात असतो आणि नवीन माणूस नेमका हाच पट्टा दोन रंग एकमेकात घासून तयार करायला जातो. घासू नका, मिसळून स्वतंत्र रंग करा आणि लावा. चेहऱ्याचे ढोबळ तीन पट्टे असतात, कपाळ जरा पिवळसर, गाल-नाक-कान लालसर, आणि हनुवटीची बाजू करडी, दाढी केलेल्या माणसात तर चक्क निळसर. खिडकीचा उजेड थंड असतो, त्यामुळं कपाळावरची आणि नाकाच्या शेंड्यावरची चमक सावळ्या कातडीवर निळसर-करडी दिसते, तिथं नुसता पांढरा ठेवला तर तो खडूचा ठिपका वाटतो.

रंग बरोबर आलाय का हे कळायला नाईफच्या टोकावर थोडा घ्या, हात लांब करा, एक डोळा मिटा आणि तो रंग बसणाऱ्याच्या गालाशेजारी धरा. मात्र नाईफवर खिडकीचा तसाच उजेड पडला पाहिजे. गालापेक्षा उजळ दिसला तर उजळ आहे, विषय संपला.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो कारण आपल्याकडं हे रोज समोर येतं, गांधी टोपी. टोपी पांढरी, म्हणून सगळे आख्खी टोपी पांढरी करतात आणि मग चेहरा काळा पडल्यागत दिसतो. डोळे बारीक करून बघा. टोपीची उजेडातली बाजू सगळ्यात उजळ, बरोबर, पण तिची सावलीतली बाजू बऱ्याचदा उजेडातल्या गालाच्या बरोबरीची किंवा त्याहून गडद निघते. ती पांढरा, अल्ट्रामरीन आणि थोडा सिएना मिसळून चांगली करडी करायला लागते, आणि केली की हात कापतो, एवढी काळी टोपी असते होय, पण लावून मागं गेलं की ती टोपी पांढरीच दिसते. पुढची गंमत टोपीच्या खाली. शेतात राबणाऱ्या माणसाचं गाल-नाक रापलेलं असतं आणि टोपीच्या कडेखालचं बोटभर कपाळ उजळ, कारण तिथं ऊन लागतच नाही. त्यावर परत टोपीची बारीक सावली. ही तिहेरी पट्टी नीट आली, म्हणजे करडी कड, तिची सावली, उजळ कपाळ आणि मग रापलेल्या भुवया, तर माणूस शेतकरी आहे हे सांगायला मिशीही लागत नाही. टोपीमुळं अजून एक फायदा, पांढरा म्हणजे किती पांढरा हे चित्रात ठरून जातं आणि बाकी सगळं त्याच्याशी तोलता येतं.

आणि हो, बसणारा किंवा त्याच्या घरचे म्हणणारच, जरा गोरं करा की. हसून सोडून द्या. एकदा चेहरा उजळ केला की चमकीला जागाच उरत नाही, सगळं सपाट होतं.

या सावळ्या रंगातला उजेड-अंधार कसा मिसळतो ते बघायला एखाद्या सुट्टीला औंधला जा. सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात, औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये तिथं श्री भवानी चित्रसंग्रहालय उभं केलं, ते स्वतःही चित्रकार होते. राजा रविवर्म्याची चित्रं तिथं प्रत्यक्ष बघायला मिळतात. ते काम थर सुकवत सावकाश केलेलं आहे, एका बैठकीचं नाही, त्यामुळं ब्रशचे फटकारे शोधत बसू नका. सावल्या बघा. मोबाईलवर काळ्या दिसणाऱ्या त्या सावल्या प्रत्यक्षात किती उबदार आहेत ते तिथंच कळतं.

तिसरा फेरा: नाक, तोंड, डोळे, या क्रमानं

नाक आधी कारण ते सगळ्यात पुढं आहे आणि त्याच्यावरनं बाकीच्यांची जागा कळते. नाकपुड्या म्हणजे काळी भोकं नाहीत, गरम गडद लाल-तपकिरी. तोंडाला रेघ मारू नका. वरचा ओठ बहुतेक सावलीत असतो, खालचा उजेड घेतो, आणि खालच्या ओठाखालची सावली बरोबर बसली तर ओठ न काढताही तोंड दिसतं. ओठांचे कोपरे मऊ ठेवा, कोपरे कडक झाले की माणूस चिडलेला दिसतो. मिशी एक-एक केस करून नाही, एक आकार, वरची कड कातडीत विरलेली आणि खालची जरा धारदार. पांढरी मिशी पांढरी नसते, टोपीचाच नियम.

डोळ्याला आधी खाच, मग वरच्या पापणीची सावली, मग बुबुळ. डोळ्याचा पांढरा भाग करडा ठेवा, तो गोळ्यावर असल्यामुळं कडेला अजून गडद होत जातो. पापण्यांचे केस काढायचेच नाहीत. चष्मा असेल तर आधी चष्मा नाहीच असं समजून चेहरा रंगवा आणि शेवटी तीन-चार स्ट्रोकमध्ये फ्रेम ठेवा, तीही सलग नाही, जिथं उजेडात विरते तिथं तुटू द्या. नथ, कुंकू, डोरलं हे सगळं एकदम शेवटी, नथीच्या मोत्याला एक गडद, एक उजळ ठिपका पुरतो.

रंग लावताना ब्रश भरून घ्या, ठेवा, उचला. त्याच जागी तीनदा फिरवला की खालचा ओला रंग वर येतो. दर एक-दोन स्ट्रोकनंतर ब्रश चिंधीला पुसा. टर्पेंटाईनमध्ये सारखा बुचकळू नका, ओला ब्रश खालचा रंग लावायच्या ऐवजी उचलूनच नेतो. तरीही गढूळ झालंच, तर तेवढा भाग नाईफनं खरवडा, चिंधी फिरवा आणि ताजा रंग ठेवा. वर अजून रंग चढवून गढूळ कधी सुधारत नाही.

शेवटचा फेरा

आता नवीन काही मांडायचं नाही. नाक सरकवावंसं वाटलं तरी नाही, या वेळेला एक गोष्ट हलवली की चार हलतात. चित्र आरशात बघा, किंवा मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यात उलटं, वाकडेपणा लगेच डोळ्यात भरतो. बाकी कडांचं काम करा. उजेडातला गाल गडद बॅकग्राऊंडला जिथं भिडतो तिथली कड धारदार, केस आणि सावलीतला कान बॅकग्राऊंडमध्ये जवळजवळ हरवलेले, कोरड्या ब्रशनं एकदा ओढलं की झालं. मग ठळक गडद दोन-तीन, चमक दोन-तीन, आणि ब्रश खाली. कान अर्धवट राहिला, खांदा नुसता चार फटकाऱ्यात राहिला तर राहू दे.

घरी जाऊन फोटोवरनं दुरुस्ती करायचा मोह होतो. करू नका. मोबाईल जवळनं धरला की नाक मोठं आणि कान मागं जातात, सावल्या काळ्या होतात, म्हणजे दोन तास तुम्ही डोळ्यांनी जे तोललं ते यंत्राच्या चुकीनं पुसायचं असं होतं. त्यापेक्षा त्याच माणसाला पुढच्या रविवारी परत बसवा, नव्या बोर्डवर.

रंगाच्या आधी काही चेहरे फक्त बर्न्ट अंबर (वरच्या सहात नसलेला गडद तपकिरी) आणि पांढऱ्यात करून बघा, तासाभराच्या बैठकीत. कंटाळवाणं वाटतं पण उजेड-अंधार तोलायची सवय तिथंच लागते, आणि ज्यांनी हे टाळलंय त्यांचं रंगातलं काम बघितलं की लगेच कळतं.

आवराआवर

तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि गठ्ठ्यात ती उष्णता कोंडली तर चिंध्या आपोआप पेटतात, आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तर विचारूच नका. बाहेर दोरीवर एकेक पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका. टर्पेंटाईन मोरीत ओतायचं नाही, बरणीत झाकून ठेवा, दोन दिवसात गाळ खाली बसतो आणि वरचं परत वापरता येतं. ब्रश आधी रद्दीला पुसा, मग थोड्या गोडेतेलात, मग साबणानं तळहातावर घासून, फेस पांढरा येईपर्यंत.

ओलं चित्र स्कूटरवरनं न्यायचं असेल तर त्याच मापाचा दुसरा कोरा बोर्ड घ्या, चार कोपऱ्यात बाटलीच्या बुचाचे तुकडे ठेवून दोन्ही समोरासमोर बांधा. वाळायला हिवाळ्यात आठवडा, पावसाळ्यात त्याच्या दुप्पटही लागतो. वाळेपर्यंत कपाटामागं कोंडू नका, अंधारात ऑईल पिवळं पडतं. सांगलीच्या गावभागात तळमजल्याला राहत असाल तर चित्रं माळ्यावरच ठेवा, २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं ते तिथल्या लोकांना सांगायला नको. वार्निश सहा महिने झाल्यावर, आणि फ्रेमवाल्याला आधीच सांगा, काच बसवायची नाही.